लाल चॅनेल आणि मावशींचं कुंकू

माझ्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेटावरचे बाबा आले. तहसीलच्या कामाला शहरात आले होते, सोबत पुतण्या होता, त्यानंच मोबाइलवर पत्ता काढला. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, इथं सगळे घालूनच फिरतात. ऐकलं नाही. अनवाणी, हात मागं बांधून, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे एकेक फोटो बघत सरकत गेले आणि सतराव्या फोटोपाशी थांबले. त्यात त्यांची बायको होती. चप्पूवर, म्हणजे थर्माकोलच्या तराफ्यावर उभी, हातात बांबू, मागं भरून आलेलं आभाळ. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वांत चांगला फोटो. निमंत्रणपत्रिकेवरही तोच होता.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पुतण्याला विचारलं, "हिचं कुंकू कुठंय रे?"

पुतण्या वाकून बघू लागला. मीही गेलो. बारा बाय अठरा इंचाच्या त्या प्रिंटमध्ये मावशींच्या कपाळावरची सुरकुती न सुरकुती मोजता येत होती. कुंकू नव्हतं.

"मी जित्ता हाय ना अजून," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, हसलेही नाहीत.

मी फोटो तिथल्या तिथं उतरवला. पुढचे दोन दिवस त्या भिंतीवर नुसता खिळा होता आणि खाली सतरा नंबरची चिठ्ठी. ती काढायचं सुचलंच नाही.

बेट कुठलं

आमच्याकडं बेट म्हटलं की बहुतेकांना वैजापूरकडचं सराला बेट आठवतं, गोदावरीच्या धारांमध्ये वसलेलं. मी सांगतोय ते बेट अगदी अलीकडचं, जवळपास माझ्याच वयाचं. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि मागं साधारण ५५ किलोमीटर लांब, २७ किलोमीटर रुंद असा नाथसागर. जमीन सपाट, त्यामुळं पाणी खोल जाण्याऐवजी आडवं पसरलं. गावं बुडाली, गावाबाहेरची टेकाडं तेवढी वर राहिली. झाडी असलेली अशी तीसेक बेटं या जलाशयात आहेत. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं हिवाळ्यात मोठमोठ्या लेन्स घेऊन माणसं येतात, पण ती रोहित पक्ष्यांसाठी. मासे धरणाऱ्या माणसाकडं कुणी लेन्स वळवली तर ती बहुधा पक्षी उडाल्यावर.

माझं बेट उन्हाळ्यात बेट नसतंच. पाणी हटलं की पायवाट उघडी पडते, ट्रॅक्टरसुद्धा जातो. पावसाळ्यात धरण साठेक टक्क्यांवर गेलं की ती वाट बुडते आणि नऊ घरांची ती शेतवस्ती चहूबाजूंनी पाण्यात. तिथली माणसं तारखा सांगत नाहीत, टक्के सांगतात. "साठ टक्क्याला रस्ता गेला." "ऐंशीला मोटर वर घेतली." एका नातीचा जन्म "भरल्या धरणातला" आहे. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी १५२२ फूट, हा आकडा पोरासोरांनाही पाठ.

पाणी हटत जाईल तशी गाळपेर करायची: हरभरा, गहू, टरबूज. पाणी चढलं की जाळी काढायची: रोहू, कटला, चिलापी, नशीब जोरावर असलं तर मरळ. येण्याजाण्याला एक पत्र्याची होडी, नाहीतर चप्पू, म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे जाळीत आवळून वर फळी टाकलेली. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं अशाच थर्माकोलवरून पाणी ओलांडून शाळेत जातात ही बातमी २०२३ मध्ये देशभर गेली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली, ते आठवत असेल. माझं बेट ते नव्हे. त्याचं नाव मी देत नाही, कारण तिथल्या जमिनींच्या कागदांचा घोळ अजून मिटलेला नाही आणि माझ्या फोटोंपायी कुणाच्या दारात नोटीस यायला नको.

चातुर्मासातलं काम

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. चातुर्मासात मुहूर्त नसतात, म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कॅमेरा रिकामा. धरणही नेमकं त्याच चार महिन्यांत भरतं. त्या एका पावसाळ्यात मी बेटावर तेरा खेपा केल्या, चार वेळा मुक्काम. घरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या जागेला प्रवास म्हणणं तसं हास्यास्पद आहे, पण पत्रिकेवर मी "प्रवासचित्रं" असंच छापलं होतं. आता वाटतं, त्या एका शब्दातच निम्मी चूक होती. मी तिथं परक्यासारखा गेलो. परक्याला जे विचित्र दिसतं ते टिपलं, आणि रोजचं वाटलं ते चौकटीबाहेर ढकललं.

काय ढकललं ते सांगतो. निळे प्लास्टिकचे ड्रम. घरावर टाकलेली नारिंगी ताडपत्री. सौर दिव्याचं पॅनेल. पैलतीरावरचा मोबाइलचा टॉवर. आणि गॅसची टाकी. सतरा नंबरच्या फोटोत मावशींच्या पायाशी लाल टाकी उभी होती, त्या ती भरून आणत होत्या. पहिल्या चार फ्रेममध्ये ती दिसते. पाचवीत मी गुडघ्यावर बसलो, कॅमेरा जरा डावीकडं घेतला आणि टाकी त्यांच्या लुगड्यामागं गेली. निवडली अर्थातच पाचवी.

डोळ्यांपुढं पॉल स्ट्रँड होता. हा अमेरिकन फोटोग्राफर १९५४ मध्ये स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर जाऊन राहिला आणि तिथल्या माणसांचे, घरांचे, किनाऱ्यावरच्या दगडांचे काळेपांढरे फोटो काढले. त्याची माणसं दारात किंवा भिंतीपुढं उभी असतात आणि थेट आपल्याकडं बघतात. तसं काही आपल्या पाण्यावर व्हावं, ही हौस. फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. स्ट्रँड गेला तेव्हा त्या बेटावर क्षेपणास्त्रांचं चाचणी केंद्र येऊ घातलं होतं, आणि त्याला ते माहीत होतं. त्याच्या फोटोंतली शांतता धोक्यात आलेली शांतता होती. मी मात्र टॉवर कापून शांतता तयार करत होतो.

काळंपांढरं का, याचं प्रामाणिक उत्तर देतो. रंग एकमेकांशी भांडत होते. पोपटी लुगडं, निळा ड्रम, नारिंगी ताडपत्री, गढूळ पाणी: रंगीत फोटो बाजाराच्या दिवशीच्या एसटी स्टँडसारखा दिसायचा. रंग काढले की सगळं एका घरातलं वाटू लागलं. त्यात काही वावगं नाही, काळ्यापांढऱ्याचा तो गुणच आहे. वावगं पुढं झालं.

रंगीत फाइल काळीपांढरी करताना प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या भागाला (यांनाच चॅनेल म्हणतात) किती वजन द्यायचं हे ठरवावं लागतं. साधी, ठोकळेबाज पद्धत लालला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के देते, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो. मी आभाळासाठी हे बदललं. पावसाळी ढग उठून दिसायला मागचं निळं गडद करावं लागतं, आणि त्यासाठी लालचं वजन वाढवतात. रोल फिल्मच्या जमान्यात लेन्सवर लाल काच चढवायचे तेच हे. मामांच्या स्टुडिओत अशी एक काच मखमली पिशवीत असायची आणि तिला हात लावला की आम्हा पोरांना टपली बसायची. मी लाल ७०, हिरवा २०, निळा १० असं गणित बसवलं. आभाळ शाईसारखं झालं. चेहरे उजळले. खूश होऊन तेच गणित प्रीसेट म्हणून जपून ठेवलं आणि एकोणीसशे फ्रेममधून निवडलेल्या चाळीसच्या चाळीस फोटोंवर एका क्लिकमध्ये चढवलं.

कुठलाही फोटोग्राफर हे वाचून म्हणेल, चाळीस फोटोंना एक गणित? बरोबर आहे. लग्नात आम्ही नऊशे फोटोंना एकच लावतो, हाताला सवय ती.

जे ऐकू आलं होतं

प्रदर्शनाआधी तीन वेळा मला इशारा मिळाला होता. तिन्ही वेळा मी तो घेतला नाही.

पहिला प्रिंट वाटताना. दरवेळी मागच्या खेपेचे फोटो मी छोट्या प्रिंट करून न्यायचो. लोक घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि हमखास विचारायचे, "रंगीत न्हाई का?" मी हसून म्हणायचो, हेच भारी असतं. मनात म्हणायचो, यांना कळत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणायचो.

दुसरा भिंतीचा. नऊ घरांत मी बत्तीस प्रिंट दिले आणि एकही भिंतीवर लागला नाही. पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, शाळेच्या दप्तरात गेले. बेटावर दोन घरांत भिंतीवर काळेपांढरे फोटो आहेत. दोन्ही गेलेल्या माणसांचे, दोन्हींना प्लास्टिकचे हार. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये: भिंतीवर फ्रेममधला काळापांढरा चेहरा दिसला की आपण आपोआप आवाज खाली आणतो.

तिसरा इशारा धाकट्या सुनेचा. सतरा नंबरचा छोटा प्रिंट बघून ती म्हणाली, "आत्याबाई वळखूच येईनात." मावशींनीही बघितला, काही न बोलता पेटीत ठेवला. मला वाटलं, लाजल्या.

यात एक गोष्ट नंतर लक्षात आली. सुनेचे स्वतःचे फोटो ठीक होते. ती काळ्या खड्याची टिकली लावते, आणि काळं हे कुठल्याही गणितात काळंच राहतं. बोटानं ओलं कुंकू लावणाऱ्या बेटावर तिघीच, तिघीही साठीपुढच्या. म्हणजे चाळीस फोटोंच्या मालिकेत सुना सवाष्ण दिसत होत्या आणि सासवांची कपाळं कोरी होती. शहरातल्या शेकडो लोकांनी ते फोटो बघितले, त्यांत बायकाही होत्या. कुणाला खटकलं नाही, कारण त्या तिघींना कुणी ओळखत नव्हतं. म्हातारी बाई, कोरं कपाळ, काळं आभाळ: बघणाऱ्यांनी मनातल्या मनात गोष्ट पुरी करून टाकली. अभिप्रायाच्या वहीत एकानं लिहिलं होतं, "एकाकी जीवनाचं विदारक दर्शन." बाई सात माणसांच्या घरात राहतात आणि त्या दिवशी गॅस भरून आल्या म्हणून खुशीत होत्या. दुसऱ्यानं लिहिलं, "इथं काळ थांबला आहे." १९७६ च्या पाण्यात, बरं का. ते वाचून मी त्या दिवशी सुखावलो होतो.

आकडे

बाबा गेल्यावर रात्री मूळ रंगीत फाइल उघडली. कुंकू लख्ख होतं, रुपयाएवढं. मग ठिपके मोजले. संगणकावर शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. मावशींच्या कपाळावर लाल १५०, हिरवा १००, निळा ८०. कुंकवात लाल १९०, हिरवा ३०, निळा ४०. माझ्या गणितानं कपाळ झालं १३३ आणि कुंकू १४३. दहाचा फरक, तोही उलटा: कुंकू कपाळाहून जरासं उजळ. कागदावर छापल्यावर डोळ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. घामाचा ओला डाग म्हणावा इतकंही नाही.

तेच ठोकळेबाज गणित लावून बघितलं: कपाळ ११३, कुंकू ७९. स्पष्ट दिसतं. म्हणजे मी काहीच केलं नसतं, नुसतं फोनवरचं काळंपांढरं बटण दाबलं असतं, तरी कुंकू राहिलं असतं. ते घालवायला माझी कारागिरी लागली.

गव्हाळ-सावळ्या कातडीत लाल भाग भरपूर असतो आणि कुंकवात तर असतोच. लालला जास्त वजन दिलं की दोन्ही एका पातळीवर येतात. आभाळासाठी बसवलेली गणितं आपण आपल्या माणसांवर तशीच चढवतो तेव्हा चेहरा उजळतो आणि आपण त्याला "टोन छान आला" म्हणतो. बाबांच्या पुतण्यानं ते जास्त सरळ सांगितलं होतं. जाताजाता म्हणाला, "आमाला सगळ्यांला गोरं केलं तुमी, फोटोवाले."

पेटीतला फोटो

पुढच्या आठवड्यात माफी मागायला बेटावर गेलो. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तळलेली चिलापी समोर आली. विषय कुणी काढेना. शेवटी मीच काढला. मावशी म्हणाल्या, "आवो, जाऊ द्या," आणि उठून आतली पेटी घेऊन आल्या. माझा प्रिंट काढतील असं वाटलं. काढला तो वेगळाच फोटो: पोस्टकार्डाएवढा, कडा दातेरी, मधोमध दुमडल्याची रेघ. नवरानवरी खुर्च्यांवर बसलेले. डोक्याला मुंडावळ्या, मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर कारंजं. त्यांचंच लग्न, बुडालेल्या गावात झालेलं. फोटो पैठणच्या एका स्टुडिओतला. दोघांनी बहात्तरच्या दुष्काळात धरणाच्या कामावर माती वाहिली, त्या पैशातून लग्नानंतर हा काढला. ज्या भिंतीला माती घातली तिनंच गाव बुडवलं, हे बाबा सहज सांगतात, पाऊस पडला सांगावं तसं.

त्या फोटोत कुंकू होतं. काळंभोर, गोल, ठसठशीत.

मला आधी वाटलं, फिल्मची करामत. त्या काळी इकडं पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म चालायची, नाहीतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. काच न लावता बाहेरच्या उजेडात काढलं तर लाल बऱ्यापैकी गडद येतो. पण हा फोटो स्टुडिओतला. तिथं पिवळट बल्बांचा उजेड असायचा, त्यात लालच जास्त, म्हणजे कुंकू उलट फिकंच यायला हवं. खिशात लेन्सवरची धूळ बघायचं भिंग होतं, त्यातून बघितलं. कुंकू फोटोतलं नव्हतंच. प्रिंटवर बारीक ब्रशनं काळ्या रंगाचा टिपका ठेवलेला होता, नीट बघितलं तर उंचवटाही कळतो. त्याच ब्रशनं मंगळसूत्राचे चार मणी आणि बाबांच्या मिशीचं एक टोक.

मामा हे करायचे. मी लहानपणी बघितलंय. प्रिंट वाळला की खिडकीपाशी बसून, जिभेवर ब्रश ओला करून त्याचं टोक करायचे. आम्ही त्याला "स्पॉटिंग" म्हणायचो आणि ते धुळीचे पांढरे ठिपके झाकायला असतं असं समजायचो. नवरीचं कुंकू "उठवणं" त्याच कामात धरलेलं असायचं, त्याचे वेगळे पैसे नव्हते. बल्बच्या उजेडात कुंकू उडतं हे त्या पैठणच्या फोटोग्राफरला माहीत होतं, आणि ते उडालेलं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही हेही माहीत होतं. पुढं फोटोग्राफीच्या कार्यशाळांमध्ये मला शिकवलं गेलं की डॉक्युमेंटरी फोटोला हात लावायचा नाही. सतरा नंबरच्या फोटोतल्या एकाही ठिपक्याला मी हात लावला नव्हता, फक्त वजनं बदलली होती. नियमात बसत होतं सगळं.

दुरुस्ती आणि तिचं बिल

सोपा उपाय होता: कुंकवापुरता मास्क काढून तेवढा भाग गडद करायचा. मामांनी तेच केलं असतं. मी दोन दिवस त्यावर घालवले आणि सोडून दिलं. तिथं फक्त कुंकू गेलेलं नव्हतं. माणसं गोरी झाली होती, टाकी झाकली होती, टॉवर कापला होता. एक टिपका ठेवून बाकीचं तसंच चालू ठेवणं मला पटेना. दुसऱ्या कुणी ठेवला असता तर मी नावं ठेवणार नाही.

म्हणून निवडीपासूनच सुरुवात केली. चाळीसमधले सव्वीस फोटो बाद झाले, त्यांच्या जागी चौकटीतून ढकललेल्या वस्तूंचे एकवीस आले. ड्रम आला, सौर पॅनेल आलं, मोबाइलला रेंज यावी म्हणून लिंबाच्या फांदीवर चढून बसलेलं पोरगं आलं. प्रत्येक फोटोखाली तारखेऐवजी त्या दिवशीचा धरणाचा टक्का लिहिला. ही कल्पना माझी नाही, बेटावरच्यांचीच. "५८ टक्के", "७१ टक्के", "९६ टक्के": नुसते हे आकडे वाचत गेलं तरी पाणी चढताना दिसतं. पैठण, गंगापूर, शेवगावकडच्या माणसाला त्यातून महिना कळतो आणि वर्षही कळू शकतं, कारण दर वर्षी पाण्याची चाल वेगळी असते. २०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं होतं आणि त्याच पावसाळ्यात नाशिककडच्या पाण्यानं भरलं. तसं वर्ष इथं कुणी विसरत नाही.

सतरा नंबरसाठी पाचवी फ्रेम सोडून दुसरी घेतली, टाकीसकट. इथं लाल काचेचा आणखी एक प्रताप कळला. जुन्या गणितात लाल टाकी इतकी उजळली की दुधाचा कॅन वाटावा. ठोकळेबाज गणितात ती ठीक गडद आली. पण मला आता खात्री हवी होती, मी उलट्या टोकाला गेलो: लाल २०, हिरवा ६५, निळा १५. कपाळ १०७, कुंकू ६४. ठसठशीत. टाकी काळी, वरची कडी चमकणारी. आभाळ फिकं पडलं, ढग कापसासारखे झाले, नाट्य गेलं. चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग, उन्हानं रापलेला प्रत्येक पट्टा वर आला, हिरव्या चॅनेलचा तो स्वभावच. चेहरा फारच काळवंडला म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवून कपाळ पूर्वीच्या उजेडाला आणलं. कुंकू तरीही गडदच. हा फोटो आधीच्यापेक्षा कमी देखणा आहे. मला तो जास्त आवडतो असं म्हणणार नव्हतो, पण आता आवडतो.

छपाईत एक भानगड झाली. ज्या ठिकाणी टाकलं त्यांनी रंगीत यंत्रावर काळंपांढरं छापलं आणि सगळ्या प्रिंटना जांभळट झाक आली, ती बेटावरच्या कुणाच्याच कामाची नव्हती. पुन्हा छापावं लागलं. पैसे माझेच गेले, तो भाग सोडा.

दुसरं प्रदर्शन शहरात केलंच नाही. होडी लागते त्या काठावरच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात, एका रविवारी, सुतळीला चिमट्यांनी लटकवून केलं. धरण त्या दिवशी ९३ टक्के. बेटावरून दोन खेपांत सगळे आले. बाबा याही वेळी अनवाणी. सतरा नंबरपाशी थांबले, बोट कपाळाजवळ नेलं, मान हलवली आणि पुढं गेले. माझा जीव भांड्यात पडला.

मग मावशी आल्या. चिमटा काढून फोटो हातात घेतला, उजेडात गेल्या, हात लांब करून बघितला. कुंकू सापडलं. टाकी सापडली, तिला हसल्या. मग भुवया आवळल्या.

"आवो भाऊ, पण लुगडं पांढरं कामून केलं?"

मी बघतच राहिलो. त्यांचं लुगडं पोपटी. हिरव्याला ६५ टक्के वजन दिल्यावर ते उजळणारच होतं, वर चेहऱ्यासाठी मी एक्स्पोजर चढवलेलं. १९० च्या पुढं गेलं होतं, उन्हात जवळजवळ पांढरं. कपाळावर कुंकू आणि अंगावर पांढरं लुगडं.

बाबा मागून म्हणाले, "पहिल्यात कुंकू न्हवतं, लुगडं बराबर होतं. आता कुंकू हाय तं लुगडं न्हाई. ह्यो माणूस मला जगू देत न्हाई." व्हरांडा हसला, मावशी सर्वांत मोठ्यानं.

त्या हसत असतानाच मी फोन काढला आणि तीच फ्रेम रंगीत दाखवली. पोपटी, लाल, निळा, नारिंगी, सगळं एकमेकांशी भांडणारं. त्यांनी ती दोन बोटांनी मोठी केली, कपाळ बघितलं, पदर बघितला, टाकी बघितली, मग फोन सुनेच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्योच काढून आणा. मोठा. भिंतीला लावायचाय."